चरबी मोजणारा स्मार्ट वजनकाटा: किलो चोख, टक्के अंदाजे

वजन ठीक दाखवतो, चरबीचे टक्के मात्र जपून वाचा. चरबी मोजायला तळव्यांतून सोडलेला सूक्ष्म वीजप्रवाह मुख्यतः पायांतून फिरतो. पोटाच्या चरबीचा हिशेब सूत्रावर. शरीरात पाणी कमी असलं की काटा चरबी फुगवून दाखवतो. त्यामुळे रोज सकाळी, लघवीनंतर, उपाशीपोटी, अनवाणी, कडक फरशीवरच मोजा. पेसमेकरवाल्यांनी वापरू नये.

काट्याचं ॲप बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ पर्यंत हिरवा रंग दाखवतं, हे खटकलं: भारतीयांत २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा धरतात. त्यात बीएमआयला दंडाचे स्नायू आणि ढेरी सारखीच! त्यापेक्षा शिंप्याच्या टेपनं कंबर मोजणं बरं. शेवटची बरगडी नि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, न आवळता धरा. पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंमीपुढे धोका.