अळम्यांची (रानातल्या भूछत्रांची) नोंद: मोबाईल की वही?

पाऊस ओसरल्यावर गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानवाटांवर फिरताना मी दोन्ही बरोबर ठेवते. मोबाईल झटपट आहे. तारीख, वेळ, ठिकाण आपोआप नोंदले जाते आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर फोटो टाकला की जाणकार नाव सुचवतात. पण बहुतेक जण छत्रीचा वरूनच फोटो काढतात. खालच्या पाकळ्या आणि देठाचा तळ दिसल्याशिवाय ओळख पटत नाही.

वही मात्र थांबायला लावते. वास कसा, कापल्यावर रंग बदलतो का, उगवले कशावर: कुजक्या लाकडावर, शेणावर की रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर? रोयणीवरची अळमी वाळवीने जमिनीखाली जोपासलेल्या बुरशीतून वर येतात, म्हणून हा तपशील फार मोलाचा. घरी छत्री कागदावर रात्रभर झाकून ठेवली की बीजाणूंचा ठसा उमटतो. हिरवट ठसा उमटणारी एक विषारी जात फोटोत खाण्याजोगी वाटू शकते! (अभयारण्यात तोडायचे नाही, तिथे फोटोच.)

माझा कौल वहीला. रोयणीची नेमकी जागा तर ॲपवर लपवाच. नाहीतर पुढच्या वर्षी तिथे काही उरणार नाही.