आयएसओ ४५००१: मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्याचा अनुभव, दुसऱ्या सर्व्हेलन्स ऑडिटनंतर

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि प्रेशर व्हेसल बनवायचं काम चालतं. शंभराच्या आसपास माणसं, त्यातली निम्मी कंत्राटदाराची. सेफ्टी माझ्याकडे आहे. मोठ्या गिऱ्हाइकांच्या व्हेंडर फॉर्मवर ‘आयएसओ ४५००१ आहे का?’ हा रकाना दिसायला लागला आणि मालकांनी प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलं. कामाच्या जागी माणसांची सुरक्षितता आणि आरोग्य कसं सांभाळायचं, याचं हे आंतरराष्ट्रीय मानक. नुकतंच दुसरं सर्व्हेलन्स ऑडिट, म्हणजे प्रमाणपत्र मिळाल्यावर दरवर्षी होणारी तपासणी, पार पडलं. पोर, वाघोडिया, सावलीकडचे ओळखीचे लोक विचारत असतात की खर्च भरून निघतो का, शॉपफ्लोअरवर खरंच काही फरक पडतो का. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: कामगारांना विचारायची आणि ते सांगतील त्यावर पैसे खर्चायची तयारी असेल तर जरूर घ्या.

पहिला प्रश्न, प्रमाणपत्र कोणाकडून घ्यायचं. आयएसओ स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही, ती फक्त मानक काढते. ऑडिट करून प्रमाणपत्र देतात त्या सर्टिफिकेशन बॉडी, आणि त्यांना मान्यता देणारी आपल्याकडची यंत्रणा म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाची एनएबीसीबी. तिच्या वेबसाइटवर यादी आहे. त्यात बॉडीचं नाव आहे एवढ्यावर थांबू नका, ४५००१ साठीची मान्यता आहे का तेही बघा. काहींकडे फक्त ९००१ ची, म्हणजे गुणवत्तेच्या मानकाची, असते. ‘आठवड्यात सर्टिफिकेट, ऑडिटची झंझट नाही’ असे फोन आम्हालाही आले. ऑडिटला किती दिवस लागणार हे माणसांच्या संख्येवर आणि कामातल्या जोखमीवर ठरतं, आणि कंत्राटी माणसंही त्यात मोजायची असतात. आमच्यासारख्या ठिकाणी कोणी एका दिवसात आटपतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि कोटेशन तीन वर्षांचं एकत्र मागा. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि मधे दरवर्षी सर्व्हेलन्स असतं, त्याचा खर्च पहिल्या कागदावर बहुतेकदा दिसतच नाही.

कन्सल्टंटने सुरुवातीला एक तयार हिरा शीट दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुठल्या कामात कोणता धोका आहे आणि तो किती मोठा, याचा हा तक्ता. त्यात अमोनियाची गळती होती, जी आमच्याकडे होण्याचा प्रश्नच नाही. आणि टाकीच्या आत उतरून केलेलं काम नव्हतं, जे आमच्याकडे रोज चालतं. ती शीट बाजूला ठेवली आणि एकेका मशीनपाशी, एकेका कामापाशी जाऊन तिथल्याच माणसांबरोबर तक्ता नव्याने भरला. याला वेळ लागला, पण सगळ्या प्रक्रियेत सर्वांत मोलाचा भाग हाच.

एक उदाहरण देतो. आमच्याकडे दांडिया बाजारातले एक जुने फिटर काका आहेत. टाकीच्या कामाचा तक्ता भरताना ते म्हणाले, “भाऊ, आतला रूट बघायला उतरलं की कधीकधी पायातलं बळच जातं. वर आलं की दोन मिनिटांत बरं वाटतं. उन्हाने होत असेल म्हणून कोणी बोललं नाही.” माझ्या अंगावर काटा आला. स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगला मागच्या बाजूने आरगॉन वायू सोडतात, म्हणजे रूट (वेल्डची आतली बाजू) काळा पडत नाही. आरगॉन हवेच्या सुमारे १.४ पट जड. तो टाकीच्या तळाशी साचतो आणि ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि गुदमरल्यासारखंही वाटत नाही; माणूस सरळ खाली बसतो. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला तर आत उतरायचंच नाही. काका ज्याला ऊन समजत होते ते हे होतं.

४५००१ मध्ये उपायांची एक उतरंड सांगितली आहे: धोकाच काढून टाका, नाहीतर बदला, नाहीतर यंत्राने अडवा, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-मास्क. आमचा सगळा जोर आजवर त्या शेवटच्या पायरीवर होता. काकांच्या बोलण्यानंतर पहिल्या पायरीपासून विचार केला. लहान टाक्यांचा रूट आता मॅनहोलमधून बोरोस्कोप (लांब नळीचा कॅमेरा) घालून बघतात, कोणी उतरतच नाही. मोठ्या टाकीत उतरायचं झालं तर आरगॉनचा व्हॉल्व्ह बाहेर बंद करून कुलूप लावायचं, किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात. मग ब्लोअर. मग ऑक्सिजन मीटर दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी रीडिंग घ्यायचं आणि परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या लेखी परवान्यावर, लिहायचं. मॅनहोलपाशी एक माणूस उभा, त्याला दुसरं काम सांगायचं नाही, आणि काहीही झालं तरी त्याने आत उडी मारायची नाही. बंदिस्त जागेची काळजी घ्या हे १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टच्या कलम ३६ मध्ये होतंच. आमच्या लीगल रजिस्टरमध्येही (आपल्याला लागू कायद्यांच्या यादीत) ती ओळ होती. ती ओळ आणि काकांचे पाय यांची गाठ मात्र या तक्त्याने घालून दिली.

म्हणून माझ्या मते या मानकाचा जीव क्लॉज ५.४ मध्ये आहे, कामगारांशी सल्लामसलत आणि त्यांचा सहभाग. आधीच्या ओएचएसएएस १८००१ या मानकातही हे होतं, पण २०१८ मध्ये आलेल्या ४५००१ ने त्यावर बराच जास्त भर दिला. स्टेज टूला, म्हणजे प्रमाणपत्राआधीच्या मुख्य ऑडिटला, ऑडिटर ऑफिसात कमी बसले आणि शेडमध्ये जास्त फिरले. ओडिशाच्या एका हेल्परला त्यांनी हिंदीत विचारलं, “काम धोकेका लगे तो किसको बोलते हो? बोला तो क्या हुआ?” त्याने ग्राइंडरचं गार्ड बदलून मिळाल्याचं सांगितलं आणि गार्ड दाखवलं. फाइलमध्ये कितीही सह्या असत्या तरी या उत्तराची सर आली नसती.

निअर मिसच्या, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या, बाबतीत मालकांना आधीच सांगून ठेवा: पहिले काही महिने आकडा वाढणारच. आधी जे लपत होतं ते आता नोंदवलं जातं, एवढाच त्याचा अर्थ. छापील फॉर्मची पेटी आमच्याकडे चालली नाही, कारण अनेकांना लिहायचा कंटाळा, काहींना लिहिताच येत नाही. व्हॉट्सअॅपवर आवाजात सांगा म्हटल्यावर गुजराती, हिंदी, मराठी सगळं यायला लागलं. सांगणाऱ्याचं नाव बोर्डावर लावायचं नाही आणि त्याचा ओव्हरटाइम कापायचा नाही, हे दोन शब्द मालकांनी स्वतः सगळ्यांसमोर दिले, तेव्हा कुठे लोक मोकळे झाले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मानकात एक छोटी दुरुस्ती आली: हवामानबदल आपल्या कामाशी संबंधित आहे का, हे ठरवा. बऱ्याच ठिकाणी यावर ‘संबंधित नाही’ असं एक वाक्य लिहून मोकळे होतात. बडोद्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली लेदर अॅप्रन घालून वेल्डिंग करणाऱ्याला विचारा. आम्ही मे-जूनमध्ये जड वेल्डिंग सकाळी लवकर घेतो, दुपारी कटिंग-असेंब्ली. ताक आणि ओआरएस कारखान्याच्या खर्चाने. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, शहर अडकलं, तेव्हा कळलं की आमच्या इमर्जन्सी प्लॅनमध्ये फक्त आग होती. रात्रपाळीची माणसं घरी कशी जाणार, सिलिंडर कुठे उचलून ठेवायचे, मेन स्विच कोण पाडणार, हे सगळं नंतर लिहिलं आणि त्याचं ड्रिलही घेतलं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. कागद वाढतो, याला इलाज नाही. एकच अपघात तीन फॉर्ममध्ये लिहायला लागत होता, ते भांडून एकावर आणलं. मॅनेजमेंट रिव्ह्यूची मीटिंग अजूनही मालकांना ऑडिटच्या आधीचा उपचार वाटते. ऑडिटर बदलला की भर बदलतो, एकाला क्रेनची साखळी दिसते, दुसऱ्याला ट्रेनिंगच्या सह्या. आमची मायनर एनसी (ऑडिटरने नोंदवलेली किरकोळ त्रुटी) कंत्राटदाराने आणलेल्या स्लिंगवर, म्हणजे माल उचलायच्या पट्ट्यावर, आली: आमच्या सगळ्या लिफ्टिंग टॅकलची (उचलायच्या साखळ्या, दोर, पट्टे) वार्षिक तपासणी झालेली, त्याच्या स्लिंगची नाही. बरोबरच होतं. आता गेटवरच टॅकलचं सर्टिफिकेट बघतात, नसेल तर टॅकल आत येत नाही.

सध्याचं मोठं काम लीगल रजिस्टरचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ओएसएच कोड, २०२० (कामाच्या जागची सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांचा नवा कायदा) लागू झाला आणि फॅक्टरी अॅक्टची जागा त्याने घेतली, त्यामुळे रजिस्टरमधल्या जुन्या कलमांसमोर नवी कलमं लावत बसलोय. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे; आमच्या पेंटिंगच्या कंत्राटदाराला त्याच्या माणसांना ती द्यायला लावण्याचं काम अजून चालू आहे. ज्यांचं प्रमाणपत्र यंदा नूतनीकरणाला आहे त्यांनी हे काम ऑडिटच्या आठवड्यावर ढकलू नये. आणि ऑक्सिजन मीटर घेणार असाल तर सेन्सर किती चालतो आणि कॅलिब्रेशन कोण करून देणार, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.