मार्च मॅडनेसचं ब्रॅकेट आणि ईएसपीएनचं टूर्नामेंट चॅलेंज

मार्च मॅडनेस या अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेसाठी एडिसनमधला आमचा ग्रुप दर मार्चमध्ये ईएसपीएन या क्रीडा वाहिनीच्या टूर्नामेंट चॅलेंजवरच ब्रॅकेट, म्हणजे प्रत्येक सामना कोण जिंकेल याच्या अंदाजांचा तक्ता, भरतो. फुकट आहे आणि ग्रुप चटकन बनतो. रविवारी संध्याकाळी संघ जाहीर होतात, गुरुवारी दुपारी पहिला सामना सुरू झाला की ब्रॅकेट बंद. अभ्यास करायचा तो मधल्या दिवसांत.

आधी गुणांची पद्धत समजून घ्या. पहिल्या फेरीत अचूक अंदाजाला 10 गुण, मग 20, 40, 80, 160 आणि अंतिम सामन्याला 320. विजेता बरोबर ओळखलात, तर 1920 पैकी 630 गुण त्या एकाच संघाच्या सहा विजयांतून येतात. आमच्याकडे मात्र कुठला बारावा सीड (चार विभागांपैकी एकातला बाराव्या मानांकनाचा संघ) पाचव्याला हरवेल यावर रात्र रात्र वाद चालतो. तो अंदाज लागला तरी मिळतात 10 गुण! सोळाव्या सीडने पहिल्याला हरवण्याची स्वप्नं तर सोडूनच द्या. पुरुषांच्या स्पर्धेत 2025 पर्यंत ते दोनदाच घडलं: 2018 मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला आणि 2023 मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला हरवलं. 2025 मध्ये शेवटच्या चारांत चारही पहिले सीड होते.

मला या सेवेतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते लोकांची पसंती टक्क्यांत दाखवणारं पान. कुठला संघ किती जणांनी विजेता म्हणून निवडलाय ते तिथे कळतं. शेजारी केनपॉम या आकडेवारीच्या साइटवरचं संघांचं रेटिंग उघडून ठेवा. संघ तगडा, पण लोकांचं त्याच्याकडे लक्ष कमी, असा विजेता शोधायचा. 2025 मध्ये कूपर फ्लॅग या स्टार खेळाडूमुळे सगळे त्याच्या ड्यूक संघाच्या मागे होते. ड्यूक उपांत्य सामन्यात ह्यूस्टनकडून 70-67 हरलं आणि विजेतेपद फ्लोरिडाने नेलं.

आठ-दहा जणांचा ग्रुप असेल तर खुशाल लाडका संघ घ्या. शंभर जणांत मात्र तोच संघ पंचवीस जणांनी घेतलेला असतो. तो जिंकला तरी त्या सगळ्यांना बाकीच्या सामन्यांत मागे टाकावं लागतं. मोठ्या ग्रुपात वेगळा विजेता हवाच.

एक गोष्ट मला पटत नाही. एका माणसाला 25 ब्रॅकेटं भरता येतात. मित्रांच्या ग्रुपात त्याने सगळी मजा जाते, म्हणून माणशी एकच ब्रॅकेट असं आधीच ठरवून टाका. आणि 63 सामने फोनच्या छोट्या पडद्यावर भरू नका, लॅपटॉप घ्या.

महिलांच्या स्पर्धेचं ब्रॅकेटही इथेच वेगळं भरता येतं, तेही जरूर भरा. तिथे वरचे सीड जास्त भरवशाचे असतात, त्यामुळे पहिल्या फेरीत डोकं खपवण्यापेक्षा शेवटच्या चारांवर वेळ घालवा.