पेटी टांगावी की वॅटल लावावं?

मेलबर्नच्या पूर्वेकडच्या येलिंगबो या दलदलीच्या अभयारण्याला महिन्यातला एखादा शनिवार द्यायचा म्हणणारे मेलबर्नमधले मित्र हमखास विचारतात, लेडबीटर पॉसमसाठी झाडांवर राहायच्या पेट्या टांगणाऱ्यांत जाऊ की वॅटलसारखी झाडं लावणाऱ्यांत? मी आधी पेट्यांकडे होतो, आता झाडांकडे आहे. माणसं दोन्हीकडे चांगली आणि चहा दोन्हीकडे तितकाच पाणचट, त्यामुळे त्यावरून ठरवू नका.

हा पॉसम म्हणजे झाडांवर राहणारा, पोटाला पिशवी असलेला छोटा निशाचर जीव, आणि व्हिक्टोरिया राज्याचा मानाचा प्राणी. संपलाच असं धरून चालले होते, तो १९६१ मध्ये पुन्हा दिसला. फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात डोंगरावरच्या त्याच्या जंगलाचा निम्म्याच्या आसपास भाग जळाला. येलिंगबोच्या दलदलीत राहणारे पॉसम डोंगरावरच्यांपेक्षा जनुकांनी वेगळे आहेत आणि कसेबसे दोन आकड्यांत उरले आहेत. म्हणून तिथे घाई आहे.

आता घाई म्हटली की पेटी. त्याला राहायला ढोली लागते, आणि युकॅलिप्टसला ढोली धरायला शंभराहून जास्त वर्षं लागतात. आज लावलेलं रोप आपल्या पणतवंडांच्या काळात कामाला येणार. पेटी मात्र दुपारी बसवली की संध्याकाळपासून घर तयार! खोटं कशाला बोलू, एकदा अंधार पडताना पेटीच्या भोकातून एकामागून एक पाच जण बाहेर पडताना पाहिले, तेव्हा मी श्वास रोखून उभा होतो. अख्खं कुटुंब एका पेटीत, सालीचे धागे कुरतडून केलेल्या गोळ्यात. झाडं लावताना असं काही दिसत नाही.

मग मी तिकडून का निघालो? मधमाश्यांमुळे. युरोपातून आणलेल्या या मधमाश्या रानात सुटल्या आहेत आणि त्यांनाही ढोलीच हवी असते. माझ्याकडे नोंदीला दिलेल्या पेट्यांपैकी एक, वर सांगितलेलीच, पुढच्या उन्हाळ्यात गुणगुणायला लागली. पॉसम गायब. मी शिडीवर चढू शकत नव्हतो, कारण वर जायला प्रशिक्षण घेतलेला माणूसच लागतो, आणि ते बरोबरही आहे. कळवलं, थांबलो, पुन्हा कळवलं. तोवर खाली उभा राहून वहीत ‘मधमाश्या’ एवढंच लिहायचं. दुसऱ्या एका पेटीचं झाकण फुगून बसेना, तिसरीचा तळ कुजला. पेटी एकदा टांगली की ती कायमची आपल्या अंगावर. कोणीतरी दरवर्षी येऊन तिची विचारपूस करायलाच हवी. माझ्या नशिबी वाईट पेट्या आल्या असतील, इतरांचा अनुभव बराही असेल. पण ती गुणगुण माझ्या डोक्यातून गेली नाही.

झाडांकडे सुरुवातीला फार कंटाळा येतो, हे आधीच सांगून ठेवतो. घोट्यापर्यंत चिखल, मोज्यात जळवा, आणि पाठीत उसण. वर सांबर! हो, आपल्या सह्याद्रीतलंच. गोऱ्यांनी शिकारीसाठी ते इथे आणून सोडलं. तिकडे दिसलं की आपण गाडी थांबवून फोटो काढतो, इथे ते रोपं खातं आणि कोवळ्या खोडांवर शिंगं घासतं. पहिल्या वर्षी आमची एक आख्खी रांग त्यानं उपटली. दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा लावली.

पण वॅटल भराभर वाढतं. आपल्या बाभळीच्या गोतातलं झाड, आणि डिंकही तसाच सुटतो. पॉसमचं निम्मं पोट त्या डिंकावर. हिवाळ्यात आपण डिंकाचे लाडू खातो, त्याला तो वर्षभर लागतो. पेटी घर देते, जेवण देत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हा पॉसम शुगर ग्लायडरसारखा हवेत तरंगत जात नाही. फांदीवरून फांदीवर उड्या मारतो, म्हणून शेंडे एकमेकांना टेकलेले हवेत. येलिंगबोत पूर्वी ओढे सरळ केल्यामुळे पाणी कुठे तुंबून राहतं, कुठे पोचतच नाही, आणि जुनी झाडं वरून वाळत येतात. मधे पडलेल्या खिंडारात पेट्या कितीही टांगा, पॉसम तिथवर जाणार कसा? चार हिवाळ्यांपूर्वीच्या आमच्या रांगेत आता मला वाकून शिरावं लागतं. मोजमाप मी केलेलं नाही, पाठ सांगते तेवढंच.

पेट्या नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. ढोल्या होईपर्यंत त्यांच्याशिवाय भागणार नाही, आणि उंचीची भीती नसेल, शिडीचं प्रशिक्षण घ्यायची तयारी असेल, तर तिकडेच जा. तिथे हात कमी पडतात. पण महिन्यातून एकच शनिवार असेल, मुलं बरोबर असतील, तर मी झाडांकडे बोलावीन. सात वर्षांच्या मुलाला शिडीखाली उभं करून काय करणार, खड्डा तरी खणू दे.

लागवड साधारण मे ते सप्टेंबर चालते. गमबूट एक नंबर मोठे घ्या, आत दोन मोजे घालावे लागतात. आणि चहा घरून न्या.