आवर्तसारणी शिकायची तर तक्ता, पत्ते, क्लृप्त्या की अ‍ॅप?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात दुसराच धडा ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’, म्हणजेच आवर्तसारणी, मूलद्रव्यांची गुणधर्मांनुसार केलेली मांडणी. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीतच घरोघरी खल सुरू होतो: भिंतीवर तक्ता लावावा, मोबाईलवर अ‍ॅप घ्यावं, की क्लासच्या क्लृप्त्या पाठ करून मोकळं व्हावं? माझं मत आधीच सांगते. दहावीच्या मुलाने सुरुवात घरी केलेल्या पत्त्यांनी करावी. नीट-जेईईच्या तयारीला क्लृप्त्या लागतातच. तक्ता सगळ्यांत शेवटी आणावा. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं.

आधी क्लृप्त्या. ‘बेटा मांगे कार स्कूटर बाप राजी’ म्हणजे बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, रेडियम. राजवायूंसाठी, म्हणजे निष्क्रिय वायूंसाठी, ‘हीना, नीना और करीना का एक्स-रे रंगीन’. हिंदीतल्या या ओळी मराठी मुलांच्याही तोंडी असतात आणि एकदा बसल्या की जन्मभर जात नाहीत. यांची खरी किंमत अशी की त्या उभ्या, म्हणजे गणानुसार आहेत, आणि एका गणातली मूलद्रव्यं स्वभावाने सारखी असतात. हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंतची २० नावांची आडवी माळही लागते, कारण त्याशिवाय इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे अणूच्या कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन, हे मांडता येत नाही. त्यापुढे आडवं पाठ करण्यात वेळ घालवू नये.

पण परीक्षेत विचारतात ते वेगळंच. संरूपण २, ८, ७ असेल तर गण कोणता, आवर्त (आडवी ओळ) कोणतं? तीन कवचं म्हणून तिसरं आवर्त, बाहेर सात इलेक्ट्रॉन म्हणून १७वा गण, आणि हे झालं क्लोरीन. इथे ना बाप उपयोगी पडतो ना स्कूटर.

आता पत्ते. जुन्या लग्नपत्रिकांचे २० तुकडे कापा. प्रत्येकावर मूलद्रव्याचं नाव, अणुवस्तुमान, धातू की अधातू आणि संयुजा (अणू किती बंध जोडू शकतो तो आकडा) लिहा. अणुअंक, म्हणजे अणूतल्या प्रोटॉनची संख्या, मुद्दाम लिहू नका. मग मुलाला सांगा, हायड्रोजन आणि हेलियम बाजूला ठेव, लिथियमपासून वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने मांडत जा, आणि स्वभाव पुन्हा पहिल्यासारखा दिसला की नवी ओळ सुरू कर. लिथियमपासून संयुजा १, २, ३, ४ अशी चढते, मग ३, २, १ अशी उतरते, निऑनपाशी शून्य होते, आणि सोडियमला पुन्हा १. हे मुलाच्या आपणहून लक्षात येतं, सांगावं लागत नाही.

खरी गंमत दुसरी ओळ संपताना येते. क्लोरीनचं वस्तुमान ३५.५, पोटॅशियमचं ३९.१, अरगॉनचं ३९.९. क्रम इमानदारीने पाळला तर पोटॅशियम जाऊन बसतं निऑनखाली आणि अरगॉन सोडियमखाली. पाण्याशी गाठ पडताच पेट घेणारा धातू निष्क्रिय वायूच्या रांगेत! मूल इथे अडतं. अडू द्या, लगेच उत्तर देऊ नका. आवर्तसारणी रचणाऱ्या मेंडेलीव्हलाही टेल्युरियम (१२७.६) आणि आयोडीन (१२६.९) या जोडीने असंच अडवलं होतं. त्याने गुणधर्मांवर भरवसा ठेवून टेल्युरियम आधी बसवलं आणि त्याचं वस्तुमानच चुकीचं मोजलं गेलं असावं असं म्हटलं. वस्तुमान बरोबरच होतं. १९१३ मध्ये हेन्री मोजले या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांवरून अणुअंकाचं महत्त्व दाखवलं, तेव्हा गाठ सुटली. आता पत्त्यांवर अणुअंक लिहायला सांगा: अरगॉन १८, पोटॅशियम १९. ‘आधुनिक आवर्तसारणी अणुअंकावर आधारित आहे’ हे वाक्य यानंतर वेगळं घोकावं लागत नाही.

आणखी एक डाव. सिलिकॉनचा पत्ता लपवा आणि शेजाऱ्यांवरून त्याचं वस्तुमान ओळखायला सांगा. ॲल्युमिनियम २७, फॉस्फरस ३१, मधला २९. खरा आकडा २८. सिलिकॉनच्याच खालच्या रिकाम्या जागेसाठी मेंडेलीव्हने ७२ वर्तवला होता. १८८६ मध्ये जर्मेनियम सापडलं, त्याचं ७२.६ निघालं.

पत्त्यांची मर्यादा उघड आहे: २० च्या पुढे हा खेळ किचकट होतो. संक्रमण धातू, म्हणजे सारणीच्या मधल्या भागातले लोखंड-तांब्यासारखे धातू, त्यात बसवायचा अट्टहास नको. अकरावी-बारावीत नायट्रोजनची आयनीभवन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) ऑक्सिजनपेक्षा जास्त का, असले अपवाद येतात. तिथे इलेक्ट्रॉन कुठे बसले आहेत याचाच अभ्यास हवा, आणि नावांसाठी क्लृप्त्या.

अ‍ॅप आणि वेबवरच्या सारण्या बऱ्याच आहेत. त्यांपैकी पीटेबल आणि रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीची सारणी मला आवडतात, मुख्यतः तापमानाच्या पट्टीमुळे. २५ अंशांना स्थिर द्रव मूलद्रव्यं दोनच, ब्रोमीन आणि पारा. पट्टी विदर्भातल्या मे महिन्यापर्यंत, ४० च्या वर सरकवा, की सिझियम आणि गॅलियमही वितळलेले दिसतात. बाकी प्रश्नमंजूषावाली अ‍ॅप म्हणजे पाठांतरच, फक्त रंगीत.

व्हिडिओ एकाच कामासाठी, पण त्या कामाला तोड नाही. लिथियम पाण्यात नुसतं फसफसतं, सोडियमचा गोळा होऊन तो पृष्ठभागावर सैरावैरा पळतो, पोटॅशियम जांभळट ज्योतीने पेटतं. गणात खाली जावं तसा धातू जास्त क्रियाशील होतो, हे शाळेत कुणी क्वचितच करून दाखवतं आणि घरी तर करूच नये. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या ‘पीरिऑडिक व्हिडिओज’ मालिकेत प्रत्येक मूलद्रव्यावर स्वतंत्र भाग आहे. भाषा इंग्रजी, पण या प्रयोगांना भाषा फारशी लागत नाही. मराठीत वाचायचं तर मराठी विश्वकोशाच्या नोंदी फुकट आहेत, जरा जडच. ऑनलाइन मिळणाऱ्या नमुन्यांच्या महागड्या पेट्या मी तरी घेणार नाही. तांब्याची तार, ॲल्युमिनियमचा कागद, लोखंडी खिळा आणि पेन्सिलीचं ग्राफाइट घरातच असतं.

शेवटी तक्ता. पत्ते मांडून झाल्यावर तो आणला तर मूल त्याकडे ओळखीने बघतं. आधी आणला तर महिन्याभरात त्यावर कॅलेंडर लटकतं. घेताना सातव्या ओळीचा उजवा कोपरा तपासा. ११३, ११५, ११७ आणि ११८ यांना निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन आणि ओगानेसॉन ही नावं २०१६ मध्ये मिळाली. तिथे रिकामी घरं किंवा तीन अक्षरी तात्पुरत्या संज्ञा असतील, तर दुकानदाराला नवा तक्ता मागा.