व्हेरिगेटेड म्हणून साधा पांगारा गळ्यात मारला

आमच्या परसात फणसाखाली एक कोपरा आहे, सकाळचं तीनेक तास ऊन आणि मग दिवसभर सावली. तिथे उजळ पानांचं झाड हवं होतं. ऑनलाइन रोपं विकणाऱ्या एकाने व्हेरिगेटेड, म्हणजे दुरंगी पानांच्या, पांगाऱ्याचे फोटो पाठवले, मोठ्ठी हिरवी पानं आणि त्यात हळदीसारख्या पिवळ्या शिरा, बघताक्षणी जीव जडला. १,८५० रुपये आणि कुरियरचे २५० वेगळे, सगळे आधीच यूपीआयवर घेतले.

जानेवारीत पार्सल आलं तर नुसती काटेरी काठी, पान एक नाही. फोन केला तर म्हणे ताई आत्ता पानगळ आहे, पालवी फुटली की शिरा दिसतील. पांगारा हिवाळ्यात पानं टाकतो हे खरंच आहे, म्हणून मी थांबले आणि तिथेच फसले, कारण एप्रिलमध्ये पालवी आली ती पूर्ण हिरवी, पिवळी रेघ औषधालाही नाही.

मग म्हणतो लेबल वाचा, एरिथ्रिना व्हेरिएगाटा लिहिलंय, तेच दिलंय. आता हे नीट लक्षात घ्या, आपल्या साध्या लाल फुलांच्या पांगाऱ्याचंच शास्त्रीय नाव एरिथ्रिना व्हेरिएगाटा आहे, जुन्या पुस्तकांत एरिथ्रिना इंडिका लिहितात ते हेच झाड. पिवळ्या शिरांचा असेल तर पुढे 'पिक्टा' वगैरे वेगळं नाव लागतं. माझ्या माहेरी कोकणात मिरीचे वेल चढवायला हाच पांगारा, पावसाच्या तोंडावर फांदी खोचली की जगते, कुणी कुणाला पैसे मागत नाही. त्याचे माझ्याकडून २,१०० घेतले, संताप होतो नुसता.

सावलीत मस्त चालतं हेही त्यानेच सांगितलेलं. पांगारा उन्हाचं झाड आहे हो, माझं रोप उजेडाकडे वाकून लांबुळकं झालंय.

घ्यायचंच असेल तर पानं अंगावर असताना घ्या आणि त्याच रोपाचा व्हिडिओ मागा, कुणाच्या तरी बागेतला फोटो नको. बियांचं रोप तर नकोच, त्यात पिवळ्या शिरा उतरतीलच असं नसतं, फांदीपासून केलेलं आहे का ते विचारा.

त्याने मला ब्लॉक केलंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये, लेबलचा फोटो आणि त्याचे सगळे मेसेज जोडलेत, पैसे अजून आलेले नाहीत.