व्हायोलिन मांडी घालून वाजवावे की उभ्याने?

पाच-सहा वर्षे व्हायोलिन शिकून हाताला वळण लागलेल्या मुलापुढे, आणि त्याहून अधिक त्याच्या पालकांपुढे, चौदा-पंधराव्या वर्षी एक प्रश्न उभा राहतो: हिंदुस्थानी पद्धतीने एकलवादन करायचे, पाश्चात्त्य पद्धतीने वाद्यवृंदाकडे वळायचे, की दोन्ही सांभाळायचे?

वाद्य एकच असले तरी शरीराची सवय वेगळी लागते. पाश्चात्त्य वादक व्हायोलिन खांदा आणि हनुवटी यांच्यात धरतो. त्याचा डावा हात ठरलेल्या टप्प्यांनी वर-खाली सरकतो आणि लांबवलेल्या स्वराला तो बोटाने कंप देतो. हिंदुस्थानी वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो. त्यामुळे वाद्याचा भार डाव्या हातावर येत नाही, आणि यमन रागात मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादापासून गांधारापर्यंतची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, एकाच बोटाने, गज न थांबवता घेता येते. इथे लांबवलेला स्वर स्थिर ठेवावा लागतो. सवयीने आलेला कंप काढून टाकायला कित्येक महिने जातात. तारा मिळवण्याची रीतही निराळी असल्यामुळे दोन्ही शिकणाऱ्याने दोन वाद्ये ठेवावीत. एकाच वाद्याच्या तारा रोज चढवल्या-उतरवल्या तर तारा आणि कान दोघांचेही नुकसान होते.

शिक्षणातला फरक थोडक्यात सांगता येईल: पाश्चात्त्य पद्धतीत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली स्वरलिपी, नजरेसमोर येताच वाजवता यावे लागते, तर हिंदुस्थानी पद्धतीत गुरूने गायलेली जागा (स्वरांची खास वळणाची फिरत) ऐकून, लिहून न घेता, हातात उतरवावी लागते.

खरा विचार उपजीविकेचा करावा लागतो. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हे पाश्चात्त्य वादकासाठी देशातले सर्वांत ठळक व्यासपीठ असले, तरी तिथे परदेशी वादकांशी बरोबरी करावी लागते, आणि अशा जागा देशात फारच थोड्या आहेत. एकेकाळी गोव्यातून आलेल्या व्हायोलिनवादकांना हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत भरपूर काम मिळत असे. सिंथेसायझर आल्यावर ते आटले. हिंदुस्थानी वादकाला आकाशवाणीची श्रेणी (परीक्षण घेऊन कलाकाराला दिलेला दर्जा), मैफली, गायकाची साथ आणि शिकवण्या असे चार आधार असतात. यांपैकी शिकवण्यांचा आधार मी सर्वांत भरवशाचा मानतो, आणि मैफलींच्या उत्पन्नावर पहिली दहा वर्षे कोणी विसंबून राहू नये असे आग्रहाने सांगतो. गजाननबुवा जोशी गायक आणि व्हायोलिनवादक अशा दोन्ही नात्यांनी मान्यता पावले होते, हेही या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे. गळा तयार असलेल्या वादकाला साथीतही आणि शिकवण्यातही बळ मिळते.

दोन्ही करू पाहणाऱ्यांनी क्रमाचा विचार करावा. व्हायोलिनवादक एन. राजम यांचे शिक्षण कर्नाटक (दक्षिण भारतीय) पद्धतीत झाले होते. त्यानंतर गायक ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकून त्यांनी हिंदुस्थानी गायकी अंग, म्हणजे गळ्यातून गावे तसे वाजवण्याची शैली, वाद्यावर आणले. व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांनीही वडिलांकडून कर्नाटक संगीत पक्के करून घेतल्यावर पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल शर्मा लहानपणी मुंबईत गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे पाश्चात्त्य वादन शिकले आणि पुढे चित्रपटसंगीतात त्यांच्या वाद्यमेळात ती शिस्त उपयोगी पडली. तिघांनीही आधी एक पद्धत अंगी मुरवली आणि मगच दुसरीकडे हात घातला. म्हणून पंधराव्या वर्षी दोन्ही वर्ग समान वेळ देऊन चालवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

तरीही निर्णय होत नसेल, तर मुलाला महिनाभर सकाळी तासभर केवळ यमनचा आलाप आणि संध्याकाळी तासभर केवळ नोटेशनवरून वादन द्यावे, आणि कोणत्या वेळी त्याला आता वाजवणे थांबवून उठ म्हणून सांगावे लागते ते पाहावे.